वॉटरपोलो खेळू द्या, पण पोहणं सोडवू नका

पत्र: माझा मुलगा साडेसोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. आठव्या वर्षापासून पोहतो. उंची १८१ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. ५० मीटरच्या टँकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल ५७.४ सेकंद. दोन वर्षांपूर्वी ५८.१ होतं, म्हणजे टायमिंग जवळपास तिथंच अडकलंय. राज्य स्पर्धेत फायनलला जातो, पदक मिळत नाही. आता त्याचे सर म्हणतात, पोहणं बंद कर आणि वॉटरपोलोला ये, डावखुरा आहेस, टीमला हवा आहेस. दोन महिने तो आठवड्यातून तीन संध्याकाळी वॉटरपोलो खेळतोय आणि खूश आहे. पण उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलंय. त्याचे बाबा म्हणतात, पोहण्यात जमलं नाही म्हणून हा खेळ, यातून नोकरी कुठली लागणार? आम्ही काय करावं?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई, आधी गुडघ्याचं बोलू. बाकीचे निर्णय महिना-दोन महिने थांबतील, गुडघा थांबणार नाही.

वॉटरपोलो म्हणजे पाण्यात पोहत चेंडू गोलमध्ये मारायचा सांघिक खेळ. त्यात खेळाडूला तळाला पाय टेकवून खेळता येत नाही. पाण्यात ताठ राहणं, उसळून चेंडू मारणं, समोरच्याला अडवणं हे सगळं ‘एग-बीटर’ किकवर चालतं. ती ब्रेस्टस्ट्रोकच्या किकसारखी दिसते. पण ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही पाय एकदम मारतात, त्यामुळे शरीर वर येतं आणि लगेच खाली बसतं. एग-बीटरमध्ये पाय आळीपाळीनं फिरतात, डावा घड्याळाच्या दिशेनं आणि उजवा उलट. एक ना एक पाय कायम पाणी दाबत असतो, म्हणून उंची टिकते. प्रत्येक फेरीत पाऊल बाहेर वळतं, नडगी बाहेर ओढली जाते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधाला ताण बसतो. मिनिटाला अशा कितीतरी फेऱ्या होतात. तुमच्या मुलाचे पाय आठ वर्षं फ्रीस्टाइलच्या वर-खाली किकला सरावलेले, आणि दोन महिन्यांत एकदम आठवड्याला तीन संध्याकाळी हा नवा ताण. दुखणं तिथूनच आलं असण्याची शक्यता मोठी आहे.

दोन आठवडे एग-बीटर पूर्ण बंद ठेवा. ब्रेस्टस्ट्रोकची किकही बंद, कारण ताण त्याच जागी येतो. फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोक चालू राहू द्या. किक मारताना दुखलं तर मांड्यांमध्ये पुल-बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून नुसत्या हातांनी पोहू द्या. गुडघ्यावर सूज दिसत असेल, गुडघा मध्येच अडकत असेल, जिना उतरताना दुखत असेल किंवा दोन आठवड्यांच्या विश्रांतीनं फरक पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन सरावाला पाठवू नका. दुखणं दडतं आणि ताण चालूच राहतो.

या दोन आठवड्यांत जमिनीवर तीन व्यायाम रोज करता येतील. कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, मांड्यांभोवती रबर बँड घालून वरचा गुडघा उघडायचा, १५ वेळा, दोन फेऱ्या. पाठीवर झोपून, गुडघ्यांमध्ये उशी धरून पाच सेकंद दाबायची, दहा वेळा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, १५ वेळा, दोन फेऱ्या. कंबरेच्या सांध्याभोवतीचे स्नायू तयार झाले की पाय तिथून फिरतो आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. नवीन मुलं किक गुडघ्यातून फिरवतात. मूळ चूक बहुतेक वेळा हीच असते.

नंतर सुरुवात पाच मिनिटांपासून. ३० सेकंद किक, ३० सेकंद आराम, आणि आठवड्याला फार तर दोन-तीन मिनिटांची वाढ. सरांना सांगा, गॉगल लावून पाण्याखालून बघा. पाठ ताठ, किंचित पुढे झुकलेली. मांड्या पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर. गुडघे खांद्यांपेक्षा थोडे रुंद आणि फारसे न हलणारे, फिरतात त्या नडग्या. पावलं ओढून धरलेली. गुडघे आत-बाहेर डुलताना दिसले तर किक तिथंच थांबवायची. चुकीच्या किकची दहा मिनिटं बरोबर किकच्या दोन मिनिटांपेक्षा जास्त नुकसान करतात.

आता बाबांच्या शंकेकडे. पोहण्यात मागं राहिलेल्यांचा खेळ, ही समजूत आपल्याकडे पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. सचिन नाग यांनी १९५१ च्या नवी दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. तेच नाग १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या वॉटरपोलो संघातही होते. त्याच १९५१ च्या स्पर्धेत भारतानं वॉटरपोलोचं सुवर्ण घेतलं. पुढे १९७० ला बँकॉकमध्ये रौप्य आणि १९८२ ला दिल्लीत कांस्य मिळालं. जगात बघायचं तर अमेरिकेच्या जॉनी वाइसमुलर यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोहण्याची तीन सुवर्णपदकं आणि वॉटरपोलोचं कांस्य एकाच वेळी घेतलं. टिम शॉ यांना १९७६ ला ४०० मीटर फ्रीस्टाइलचं रौप्य मिळालं आणि १९८४ ला वॉटरपोलोचं रौप्य. दोन खेळ एका शरीरात मावतात. नीट आखले नाहीत तर मात्र एकमेकांना खातात, आणि सर ‘पोहणं बंद कर’ म्हणतात ते बहुधा याच भीतीनं.

तरीही पोहणं बंद करण्याच्या आम्ही विरोधात आहोत, निदान बारावी होईपर्यंत. वॉटरपोलोतला वेग पोहण्यातूनच येतो. ज्या मुलांनी या वयात लॅप मारणं सोडलं, त्यांची दोन वर्षांनी पहिल्या क्वार्टरला धाव चांगली असते आणि चौथ्या क्वार्टरला ती परत बचावाला पोहोचत नाहीत. सामना आठ-आठ मिनिटांच्या चार क्वार्टरचा असतो, पण घड्याळ फक्त खेळ चालू असताना फिरतं, म्हणून प्रत्यक्षात तो बराच लांबतो. दुसरं कारण व्यवहाराचं. पोहण्याची वेळ त्याची एकट्याची असते, ती कुणी संघातून वगळू शकत नाही. संघात निवड होईपर्यंत तोच त्याचा आधार आहे.

शिवाय टायमिंग खरंच अडकलंय का, हे अजून कुणी तपासलेलं पत्रातून दिसत नाही. ५७.४ हा आकडा नुसता बघून काहीच कळत नाही. पुढच्या मीटला पहिल्या ५० मीटरची वेळ घ्या. पहिला अर्धा डाइव्हमुळे वेगवान असतो, त्यामुळे दोन अर्ध्यांत साधारण दोन ते अडीच सेकंदांचा फरक ठीक मानतात. २६.७ आणि ३०.७ अशी फोड आली, तर वेग आहे, दम कमी पडतोय. २७.८ आणि २९.६ आली, तर दम आहे, सुरुवातीचा वेग नाही. या दोन मुलांना पूर्णपणे वेगळा सराव लागतो, आणि आपल्याकडे बहुतेक टँकवर दोघांना एकच सेट दिला जातो.

सोबत मोबाइलवर बाजूनं व्हिडिओ काढा आणि दोन जागा बघा. डाइव्हनंतर आणि टर्ननंतर नियमानं १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. तुमचा मुलगा सहा-सात मीटरवरच वर येत असेल, तर पाण्याखालच्या डॉल्फिन किकमध्ये, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारायच्या किकमध्ये, वेळ पडून आहे. आणि टर्नला भिंतीच्या आधी पाच मीटर आणि नंतर पाच मीटर असे मोजा. वेग मंदावतो तो बहुतेक वेळा भिंतीकडे जाताना, कारण मूल शेवटचा श्वास घेऊन मग वळतं. टर्नच्या आधीचे दोन स्ट्रोक श्वास न घेता मारायचे, ही सवय महिनाभरात लागते.

पोहण्यात अंतर किती बारीक असतं याचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, फायनलला २२.४७ पोहला आणि कांस्यपदक ०.०१ सेकंदानं हुकलं. त्याचं २०१० चं ग्वांगझूचं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य हे आशियाई स्पर्धेतलं भारताचं पोहण्यातलं २४ वर्षांनंतरचं पदक होतं. त्याआधीचं १९८६ ला सोलमध्ये खजान सिंग यांनी घेतलेलं. हा आकडा बाबांना नक्की सांगा. केवळ पोहण्यावर सगळं लावणं हा वॉटरपोलोपेक्षा सुरक्षित मार्ग नाही.

मुलगा डावखुरा आहे, हे तुम्ही पत्रात ओघात लिहिलंय. त्या एका गोष्टीमुळे आमचं उत्तर बरंच बदलतं.

हल्ला करताना सहा खेळाडू समोरच्या गोलभोवती अर्धवर्तुळात पसरतात आणि जागांना १ ते ६ क्रमांक असतात. गोलकडे तोंड केलं की सर्वांत उजवीकडची जागा १, तिच्या वरची २, मधली ३, मग डावीकडे ४ आणि ५, आणि गोलसमोर पाठ करून झुंजणारा सेंटर म्हणजे ६. उजव्या बाजूला उजव्या हाताचा खेळाडू असला, तर त्याचा मारणारा हात मैदानाच्या बाहेरच्या बाजूला पडतो. पास त्याला अंगावरून ओढून घ्यावा लागतो आणि गोलचा कोन अरुंद मिळतो. डावखुऱ्याचा हात त्याच जागेवरून आतल्या बाजूला असतो, म्हणजे पास थेट हातात आणि हात थेट गोलसमोर. समोरच्या संघाचा खेळाडू फाउलमुळे काही सेकंदांसाठी बाहेर काढला जातो तेव्हा तर उजवीकडचा डावखुरा सगळा बचाव ओढून धरतो. प्रत्येक संघाला १ आणि २ साठी डावखुरे हवे असतात आणि ते फार कमी मिळतात. म्हणून सर आग्रह करतात, आणि तो आग्रह रास्त आहे. १८१ सेंटिमीटर उंची आणि ६८ किलो वजन बाजूच्या जागांसाठी या वयात पुरेसं आहे. सेंटरला बसवत असतील तर मात्र स्पष्ट नाही म्हणा. तिथं जास्त वजनाच्या खेळाडूशी पूर्ण सामनाभर कुस्ती असते, आणि आत्ताच्या गुडघ्याला ते झेपणार नाही.

कौशल्यं कोणत्या क्रमानं यावीत, यावर बराच गोंधळ असतो. मुलांना पहिल्याच आठवड्यात गोलवर चेंडू मारायचा असतो आणि सरही मारू देतात, कारण मुलं टिकतात. त्यातून खांदा जातो. जमिनीवर चेंडू फेकताना ताकद पायातून, कमरेतून वर येते. पाण्यात पायाखाली काही नसतं, म्हणून किक कच्ची असली की मूल नुसत्या हातानं फेकतं. पोहणाऱ्यांच्या खांद्याचे आत वळवणारे स्नायू आधीच जास्त ताकदीचे आणि बाहेर वळवणारे कमकुवत असतात. वरून हे फेकणं आलं की खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचायला लागतं.

म्हणून आधी किक. हात पाण्यात वल्ह्यासारखे हलवत ३० सेकंदांच्या सहा फेऱ्या. ते जमलं की मनगटं बाहेर, मग कोपरं बाहेर. कोपरं बाहेर ठेवून सलग दोन मिनिटं हनुवटी पाण्यावर राहिली, की मग तीन किलोचा मेडिसिन बॉल दोन्ही हातांत छातीसमोर. यापुढे डोकं वर ठेवून फ्रीस्टाइल, २५ मीटरच्या आठ फेऱ्या. कोपर उंच, स्ट्रोक आखूड, किक जोरात. चेंडूसह पोहताना हात चेंडूला लावायचा नाही. दोन हातांच्या मध्ये तयार होणारी लाटच त्याला पुढे नेते. मग झेल, अर्थात एकाच हातानं, कारण गोलरक्षक सोडून कुणालाही दोन्ही हातांनी चेंडू धरता येत नाही. चेंडू येताना हात मागे नेत त्याचा वेग मारायचा. ताठ हातावर चेंडू आदळून उडतो आणि बोटं मुरगळतात.

शूटिंग सगळ्यांत शेवटी. डावखुऱ्यानं उजवा पाय पुढे, डावा मागे, कंबर पृष्ठभागाजवळ आणायची आणि मोकळ्या उजव्या हातानं पाणी दाबून अंग उचलायचं. सुरुवातीला एका सरावात ४० ते ५० फेकींपेक्षा जास्त नको, त्यातल्याही दहा-बाराच पूर्ण जोरानं. प्रत्येक सरावाआधी रबर बँडनं खांदा बाहेर वळवण्याच्या १५ च्या दोन फेऱ्या, कोपर कमरेला चिकटवून. याला पाच मिनिटं लागतात आणि हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. चेंडू पुरुषांसाठी ५ नंबरचा, परीघ ६८ ते ७१ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४५० ग्रॅम. हात लहान असेल तर पहिले काही महिने महिलांच्या ४ नंबरच्या चेंडूवर झेल शिकवायला हरकत नाही. वजन तेच असतं, पकड सोपी होते.

आता आठवडा कसा बसवायचा. गुडघा बरा झाल्यावर पाच सकाळी पोहणं आणि तीन संध्याकाळी वॉटरपोलो, एवढंच. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार सकाळी पावणेदोन तास. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सव्वा तास. बुधवारी सकाळी झोप, रविवार पूर्ण सुट्टी. सर्वांत कठीण वेगाचे सेट सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी ठेवा, कारण त्याच्या आदल्या दिवशी वॉटरपोलो नसतो. मंगळवार, गुरुवार, शनिवारी लांब, संथ आणि तंत्राचं काम. हे उलटं झालं, म्हणजे झुंजून थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी स्पीड मारला, की महिनाभरात टायमिंग मागे जातं आणि दोष वॉटरपोलोला दिला जातो.

डोकं वर ठेवून पोहण्यानं खरं नुकसान एकच होतं. कंबर खाली जाते आणि स्ट्रोक आखूड होतो. ते लगेच धुऊन काढायचं. प्रत्येक वॉटरपोलो सरावाच्या शेवटी २०० मीटर बॅकस्ट्रोक आणि २०० मीटर लांब, सैल फ्रीस्टाइल, नजर तळाकडे. आणि दर शनिवारी ठरलेल्या एका वेगानं, समजा ३५ सेकंदांत, ५० मीटर पोहून स्ट्रोक मोजायचे आणि वहीत लिहायचे. त्याच वेळेला स्ट्रोक तीननं वाढलेले दिसले, की त्या आठवड्यात वॉटरपोलोची एक संध्याकाळ कमी. मुलाच्या किंवा सरांच्या मतापेक्षा ही वही खरी सांगते.

पोहण्याच्या मोठ्या मीटच्या तीन आठवडे आधी झुंज आणि शूटिंग बंद, फक्त दहा मिनिटं एग-बीटर आणि हलके पास. वॉटरपोलोच्या स्पर्धेआधी मात्र पोहणं पूर्ण थांबवायचं नाही. निम्मं करायचं आणि २० मीटरच्या आतले स्प्रिंट ठेवायचे.

तुमच्या इथल्या टँकची खोली विचारा. नियमानं वॉटरपोलोला किमान १.८ मीटर खोली लागते. नगरपालिकांच्या पुष्कळ टँकची एक बाजू छातीएवढीच असते आणि मुलं तिथं नकळत पाय टेकतात. ती सवय स्पर्धेत फाउल होऊन समोर येते. तसं असेल तर खोल बाजूला आडवं मैदान लावायला सांगा, छोटं चालेल. चड्डी जाड कापडाची आणि घट्ट हवी, पोहण्याचा जॅमर, म्हणजे गुडघ्यापर्यंतची तंग चड्डी, ओढाओढीत फाटतो. कानांवर संरक्षक वाट्या असलेली टोपी सरावालाही सक्तीची करा, कारण चेंडूच्या माराने कानाचा पडदा फाटू शकतो. नखं पूर्ण कापलेली. सामन्याआधी पंच ती तपासतात. गॉगल नसल्यानं डोळे चुरचुरणार, सरावानंतर स्वच्छ पाण्यानं धुवायचे.

खाण्याचं थोडक्यात. आठ सराव करणाऱ्या या वयाच्या मुलाला किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे त्याला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दिवसभरात अर्धा-पाऊण लिटर दूध-दही, तीन-चार अंडी किंवा पनीर, मूठभर शेंगदाणे, आणि वरची पोळी-भाकरी धरली की ते घरातच भागतं. पावडरीच्या डब्याची गरज नाही. पहाटे उपाशी पोटी पाण्यात उतरवू नका, अर्धा तास आधी एक केळं द्या. पाण्यात घाम दिसत नाही पण येतो, तासाला अर्धा लिटर पाणी काठावर असू द्या. आणि आठ तास झोप. अकरावी-बारावीच्या क्लासमुळे पहिली कापली जाते ती झोप, आणि टायमिंग अडकण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

नोकरीबद्दल सरळ सांगतो. भारतात वॉटरपोलो खेळून क्लबकडून पगार घेता येईल अशी व्यवस्था नाही. हंगेरी, सर्बिया, क्रोएशिया, इटली, ग्रीस, स्पेन इथं आहे, पण आत्ता त्याचा विचार नको. आपल्याकडे खेळाडूचं पोट नोकरीवर चालतं, आणि राष्ट्रीय पातळीवर सेनादल, रेल्वे आणि पोलिस यांचे संघ बलाढ्य असण्याचं कारणही तेच. खेळाडू तिथं नोकरीत असतात आणि सराव हा त्यांच्या कामाचा भाग असतो.

रेल्वेच्या क्रीडा कोट्यात वय १८ ते २५ लागतं. जाहिरातीत खेळ लिहिलेला असतो आणि सांघिक खेळात बऱ्याचदा जागाही, म्हणजे गोलरक्षक हवा की दुसरा कुणी. डावखुरेपणाला इथं पुन्हा किंमत येते. अलीकडच्या ठरावीक काळातली कामगिरीच धरली जाते, त्यामुळे दहावीतलं जुनं प्रमाणपत्र तेवीसाव्या वर्षी उपयोगी पडत नाही. खेळ चालू ठेवावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पदाचा गट जितका वरचा, तितकी स्पर्धेची आणि पदकाची पातळी वरची लागते. त्यासाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते.

नेमकी तिथं मुलं अडकतात. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नसते, किंवा संघाच्या अधिकृत यादीत नाव नसतं, किंवा नावाचं स्पेलिंग दाखल्याशी जुळत नाही. आजपासून एक फाइल करा. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, निकालपत्रक, संघाची प्रवेशयादी, निवडीचं पत्र. राज्य संघटनेतली आणि भारतीय जलतरण महासंघाकडची नोंदणी चालू ठेवा, जन्मतारीख सगळीकडे एकच असू द्या. खासगी क्लबच्या निमंत्रित स्पर्धा सरावाला उत्तम आहेत, नोकरीच्या कागदांत त्यांचं वजन नाही. पैसे घेऊन प्रमाणपत्र मिळवून देतो असं कुणी सांगितलं, तर तिथून उठा. पडताळणीत सापडलं की नोकरी जाते आणि गुन्हा दाखल होतो.

नोकरी लागली म्हणजे खेळ सांभाळला जातोच असंही नाही. वीरधवलला २०१० च्या पदकानंतर राज्य शासनानं तहसीलदारपद दिलं, मध्ये काही वर्षं त्याच्या स्पर्धात्मक पोहण्यात खंड पडला, आणि तरी तो परतून २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकून निवृत्त झाला. त्याच स्पर्धेत महिलांची ५० मीटर फ्रीस्टाइल त्याची पत्नी ऋजुता खाडे हिनं जिंकली. उद्या मुलापुढे दोन नोकऱ्या आल्या, तर पगाराआधी विचारायचं ते हे की सरावासाठी रोज किती तास सूट मिळते आणि स्पर्धेसाठी विशेष रजा मिळते का. खेळणं थांबल्यावर पटियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका हा एक चांगला रस्ता आहे. दोन्ही खेळ येणारा प्रशिक्षक आपल्या जिल्ह्यांत शोधून सापडत नाही.

सहा महिन्यांनी मुलगा, तुम्ही, बाबा आणि सर एकत्र बसा आणि चार आकडे समोर ठेवा. १०० मीटर फ्रीस्टाइलची वेळ. डोकं वर ठेवून २५ मीटरचे आठ स्प्रिंट, दर ४५ सेकंदांनी एक, पहिल्या आणि आठव्यातला फरक. कोपरं बाहेर ठेवून एग-बीटर किती वेळ टिकतो. आणि पाच मीटरवरून गोलच्या चार कोपऱ्यांत दहापैकी किती चेंडू जातात. गोल तीन मीटर रुंद आणि पाण्यापासून ९० सेंटिमीटर उंच असतो. १०० मीटर ५६ च्या खाली गेलं, तर पोहणं मुख्य आणि वॉटरपोलो जोडीला. ते ५७ च्या आसपासच राहिलं, पण आठव्या स्प्रिंटला एका सेकंदापेक्षा कमी घट आणि किक दोन मिनिटांच्या पुढे असेल, तर वॉटरपोलो मुख्य. मग पोहण्याच्या सकाळी पाचवरून तीनवर आणा, शून्यावर नको. बारावीच्या परीक्षेआधीचे तीन महिने दोन्ही मिळून आठवड्याला चार सराव पुरेत.

मोठा फाटा बारावीनंतर कॉलेज निवडताना येईल. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पोहणं आणि वॉटरपोलो दोन्ही असतात, आणि सेनादल-रेल्वेच्या संघांकडे जायची सर्वांत रुळलेली वाट तिथूनच जाते. प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. विद्यापीठाचा वॉटरपोलो संघ गेल्या वर्षी प्रत्यक्ष स्पर्धेला गेला होता का? पूर्ण खोलीचा टँक कॉलेजपासून अर्ध्या तासात आहे का? आणि संघात १ नंबरच्या जागेवर सध्या डावखुरा कोण आहे, तो कोणत्या वर्षाला आहे?